बाईंचा तास : न खेळणाऱ्याला ढाल कशाला?



गेल्या आठवड्यात आमच्या शाळेत खो-खोच्या संघाचा फोटो काढला. तालुक्याच्या सामन्यांत आमच्या मुलींचा दुसरा नंबर आला ना, त्याचा! पुढच्या मुली मांडी घालून बसल्या, मागच्या उभ्या राहिल्या, मधोमध ढाल. फोटोवाले काका म्हणाले, "बाई, तुम्हीही या की!" मी पदर सारखा करून एका बाजूला जाऊन उभी राहिले. तेवढ्यात पहिलीतली एक चिमुरडी, जी नुसती गंमत बघायला आली होती, ती मोठ्याने म्हणाली, "बाई कुठं खेळल्या? त्यांना कशाला ढाल?"

सगळ्या मुली खो खो हसल्या. मीही हसले. फोटोत मी हसतानाच आलेय!

पण दोस्तांनो, प्रश्न काही वाईट नव्हता. जो माणूस स्वतः मैदानात उतरत नाही, पळत नाही, चेंडूला हात लावत नाही, त्याचं संघात काम काय? आणि संघ जिंकला तर त्यात त्याचा वाटा किती? मधल्या सुट्टीत मी त्या चिमुरडीला आणि तिच्याभोवती जमलेल्या सगळ्या चिल्ल्यापिल्ल्यांना एका माणसाची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगते. गोष्ट अमेरिकेतली आहे, खरी आहे, आणि तिचा शेवट थोडा डोळ्यांत पाणी आणणारा आहे. आधीच सांगून ठेवते हं!

त्या माणसाचं नाव स्पार्की अँडरसन. ते बेसबॉलच्या संघाचे मॅनेजर होते.

आता आधी बेसबॉल म्हणजे काय ते बघू. तुमच्यापैकी काहींनी शाळेत सॉफ्टबॉल खेळलं असेल, त्यांना हे सोपं जाईल. बेसबॉल म्हणजे आपल्या क्रिकेटचा लांबचा चुलतभाऊ. एका संघात नऊ खेळाडू. चेंडू टाकणाऱ्याला म्हणतात पिचर. तो चेंडू टप्पा न पाडता सरळ फेकतो. बॅटरच्या हातात गोल दांडक्यासारखी बॅट असते. चेंडू मारायचा आणि पळत सुटायचं. मैदानात चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात, त्यांना बेस म्हणतात. ती सगळी पार करून पुन्हा जागेवर आलं की एक धाव. आणि चेंडू थेट कुंपणाबाहेर मारला तर तो होम रन. आपला षटकारच म्हणा ना! मग बेसवर जे जे कोणी उभे असतील ते सगळे आरामात घरी येतात.

तिथे मोठ्या स्पर्धेत प्रत्येक संघ एका मोसमात १६२ सामने खेळतो. हो, एकशे बासष्ट! जवळजवळ रोज सामना. मोसमाच्या शेवटी 'वर्ल्ड सीरिज' नावाची अंतिम लढत होते. त्यात जो आधी चार सामने जिंकेल तो विजेता.

आणि मॅनेजर? मॅनेजर म्हटलं की आपल्याला बँकेतला, टेबलामागे बसलेला माणूस आठवतो. बेसबॉलचा मॅनेजर वेगळा. कोणी कुठे उभं राहायचं, कोणी आधी बॅटिंग करायची, थकलेल्या पिचरला कधी बाहेर बोलवायचं, हे सगळं तो ठरवतो. गंमत म्हणजे तोही खेळाडूंसारखाच गणवेश घालतो. पाठीवर नंबरसुद्धा असतो! पण तो खेळत नाही. मैदानाच्या कडेला बसून सगळं बघतो.

आता गोष्ट सुरू.

२२ फेब्रुवारी १९३४ ला अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यातल्या ब्रिजवॉटर नावाच्या छोट्याशा गावात एक मुलगा जन्मला. नाव जॉर्ज. घरची परिस्थिती बेताची. तो लहान असतानाच घरचे सगळे कामधंद्यासाठी लॉस एंजेलिस या मोठ्या शहरात आले. त्यांच्या घराजवळच एक विद्यापीठ होतं. तिथली मोठी मुलं बेसबॉल खेळायची आणि त्यांना शिकवायला रॉड डेडो नावाचे नामवंत प्रशिक्षक होते.

एके दिवशी सरावाचा चेंडू मैदानाबाहेर गेला आणि नेमका जॉर्जला सापडला. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. आता मला खरं खरं सांगा, तुम्हाला रस्त्यात असा नवाकोरा चेंडू सापडला तर काय कराल? खिशात घालून धूम ठोकाल की नाही? जॉर्जने तसं केलं नाही. तो चेंडू घेऊन आत गेला आणि थेट डेडोसरांच्या हातात दिला. सरांना ते पोर आवडलं. त्यांनी त्याला संघाचा 'बॅट बॉय' करून टाकलं. बॅट बॉय म्हणजे खेळाडूंच्या बॅटी उचलायच्या, आणून द्यायच्या. काम साधं, पण रोज मोठ्यांचा खेळ जवळून बघायला मिळायचा. एक चेंडू परत केला आणि खेळाचं दार उघडलं बघा!

जॉर्ज मोठा झाला, खेळू लागला. मैदानावर तो फार तापट. पंचांशी वाद घालायचा, धूळ उडवायचा. १९५५ साली फोर्ट वर्थ या शहरात रेडिओवर सामन्याचं वर्णन करणाऱ्या एका निवेदकाने त्याचं नाव ठेवलं 'स्पार्की'. स्पार्क म्हणजे ठिणगी. तेव्हापासून जग त्याला स्पार्की म्हणू लागलं. घरी मात्र तो जॉर्जच राहिला. त्याची बायको कॅरोल हिची आणि त्याची ओळख थेट पाचवीच्या वर्गातली बरं का!

तुम्हाला वाटेल, आता स्पार्की मोठा खेळाडू झाला असेल. तर नाही! वरच्या स्पर्धेत तो एकच मोसम खेळला, १९५९ साली, फिलाडेल्फियाच्या संघाकडून. १५२ सामने खेळला आणि होम रन किती मारले? शून्य. एकही नाही. पुढच्या वर्षी त्याची जागा गेली. पुन्हा खालच्या स्पर्धेत जावं लागलं, आणि खेळाडू म्हणून तो वर परत कधी आलाच नाही.

पण खेळाचा अभ्यास त्याने सोडला नाही. तिसाव्या वर्षी तो एका लहान संघाचा मॅनेजर झाला. लहान लहान गावांतून शिकत शिकत गेला. आणि १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये सिनसिनाटी रेड्स या मोठ्या, जुन्या संघाने पस्तीस वर्षांच्या स्पार्कीला मॅनेजर नेमलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा आला. अर्थ असा, की 'स्पार्की? हा कोण बुवा?'

(इथून पुढे मी त्यांना 'अहो-जाहो' करणार आहे. मॅनेजर झाले ना आता!)

तर हा 'कोण बुवा' पहिल्याच वर्षी, १९७० मध्ये, संघाला १०२ सामने जिंकून देऊन वर्ल्ड सीरिजमध्ये घेऊन गेला. ती लढत हरली. १९७२ साली पुन्हा गेले, पुन्हा हरले. मग आलं १९७५ चं साल. जॉनी बेंच, जो मॉर्गन, टोनी पेरेझ, पीट रोझ असे एकाहून एक खेळाडू संघात होते. लोक या संघाला 'बिग रेड मशीन', म्हणजे मोठं लाल यंत्र म्हणायचे. पण यंत्रात एक स्क्रू जरा चुकीच्या जागी होता. जॉर्ज फॉस्टर नावाच्या तडाखेबंद खेळाडूला रोज खेळवायला जागाच मिळत नव्हती. त्याची जागा अडवून बसला होता संघाचा लाडका पीट रोझ.

आता मॅनेजरने काय करावं? हुकूम सोडावा? रोझला पूर्वी एका मॅनेजरने असाच हुकूम देऊन जागा बदलायला लावली होती आणि ते त्याला मुळीच आवडलं नव्हतं. स्पार्कींनी हुकूम सोडला नाही. त्यांनी रोझला विचारलं, की संघासाठी तू तिसऱ्या बेसवर खेळशील का? रोझ 'हो' म्हणाला. फॉस्टरला जागा मिळाली आणि यंत्र असं धडधडत सुटलं, की त्या वर्षी रेड्सनी १०८ सामने जिंकले. बॉस्टनविरुद्धची वर्ल्ड सीरिज सातव्या सामन्यापर्यंत गेली आणि सातवा सामना ४–३ ने जिंकून रेड्स विजेते झाले. १९७६ साली पुन्हा विजेते! आणि त्या खेपेला शेवटच्या फेऱ्यांत ते एकही सामना हरले नाहीत.

एवढं केल्यावर माणसाला डोक्यावर घेऊन नाचतील ना? नाचलेच. पण पुढची दोन वर्षं संघ दुसऱ्या नंबरवर राहिला. आणि दुसरा नंबर आला म्हणून १९७८ च्या शेवटी संघाच्या वरिष्ठांनी स्पार्कींना चक्क काढून टाकलं! सिनसिनाटीच्या लोकांना फार वाईट वाटलं. आमच्या मुलींनी हे ऐकलं तेव्हा ढालीकडे बघून एकीने विचारलं, "म्हणजे बाई, आता तुम्हालाही काढणार?"

१९७९ च्या जूनमध्ये स्पार्की डेट्रॉइटला आले. डेट्रॉइट म्हणजे मोटारींच्या कारखान्यांचं शहर. तिथला संघ डेट्रॉइट टायगर्स. यंत्र वगैरे काही नाही. नवखी, तरणी पोरं. ॲलन ट्रॅमेल, लू व्हिटेकर, जॅक मॉरिस, कर्क गिब्सन. स्पार्कींनी त्यांना घडवायला घेतलं. वेळेवर यायचं, नीट कपडे घालायचे, हरलात तरी तोंड लपवायचं नाही. शिस्त कडक. आणि कौतुकही भरमसाट! कधी कधी इतकं भरमसाट की गडबड व्हायची. गिब्सन नवा होता तेव्हा त्यांनी त्याची तुलना मिकी मँटल या महान खेळाडूशी करून टाकली. त्या ओझ्याने बिचारा गिब्सन सुरुवातीला वाकून गेला. प्रेक्षक त्याच्यावर ओरडायचे. आपल्या माणसाचं कौतुकसुद्धा जपून करावं लागतं, हे स्पार्कींना तिथे कळलं असेल.

पाच वर्षांनी, १९८४ साली, काय झालं माहीत आहे? मोसमातल्या पहिल्या चाळीस सामन्यांपैकी टायगर्सनी पस्तीस जिंकले! असं कोणी पाहिलंच नव्हतं. आख्खं डेट्रॉइट वेडं झालं. वर्ल्ड सीरिजमध्ये समोर होता सॅन डिएगोचा संघ.

१४ ऑक्टोबर १९८४. डेट्रॉइटचं टायगर स्टेडियम खचाखच भरलेलं. आणखी एक सामना जिंकला की झालं. आठवा डाव, टायगर्स ५–४ असे फक्त एका धावेने पुढे. दोन बेसवर दोन टायगर्स उभे. बॅटिंगला आला कर्क गिब्सन. समोर पिचर गूस गॉसेज, ज्याच्या चेंडूचा वेग बघून भल्याभल्यांची गाळण उडायची.

बेसबॉलमध्ये एक युक्ती असते. तडाखेबंद बॅटर आला की २०१७ पूर्वी त्याला मुद्दाम चार चेंडू लांबून टाकावे लागत. मग तो न मारताच पहिल्या बेसवर जातो, पण मोठा फटका बसायची भीती राहत नाही. सॅन डिएगोच्या मॅनेजरना तसंच करायचं होतं. पण गॉसेज ऐकेना. मी याला बाद करतो, असा त्याचा हट्ट. स्पार्कींनी बाहेरून हे सगळं ताडलं आणि ते बोटं दाखवून गिब्सनला ओरडून सांगू लागले, की अरे, त्याला तुला सोडायचं नाहीये, तो तुझ्याशी भिडणार आहे!

आणि गिब्सनने चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावला. होम रन! एका फटक्यात तीन धावा. ८–४. टायगर्स विजेते झाले. बेसबॉलच्या त्या मोठ्या स्पर्धेत दोन विभाग आहेत, त्यांना लीग म्हणतात. दोन्ही लीगमधल्या संघांना वर्ल्ड सीरिज जिंकून देणारे स्पार्की हे पहिले मॅनेजर ठरले. त्या फटक्यानंतर उड्या मारणारा गिब्सन अजूनही तिथल्या लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. आणि त्याच्याबरोबर आठवतो तो कडेला उभा राहून ओरडणारा पांढऱ्या केसांचा माणूस.

हो, स्पार्कींचे केस फार लवकर पांढरे झाले. तेव्हा ते पन्नाशीचेच होते, पण आजोबा दिसायचे. मैदानात जाताना ते आखलेल्या पांढऱ्या रेषेवर कधी पाय ठेवत नसत, टुणकन उडी मारून ओलांडत. आणि त्यांचं इंग्रजी! व्याकरणाची अगदी ऐशी की तैशी. एका वाक्यात दोन दोन नकार. माझ्या वर्गात असते तर वही लाल शाईने भरली असती. पण ते बोलायला लागले की वार्ताहर वही-पेन्सिल घेऊन भोवती जमायचे, आणि ते तासन्‌तास गप्पा मारायचे.

आता जिंकण्याचं पुरे. हरण्याचं सांगते. १९८९ साली हाच टायगर्स संघ १०३ सामने हरला. एकशे तीन पराभव! स्पार्कींना पराभव सोसायचाच नाही. झोप लागेना, जेवण जाईना. शेवटी मे महिन्यात ते इतके थकले, की मोसम मध्येच सोडून काही दिवस घरी जाऊन राहावं लागलं. एवढा मोठा माणूस, पण हरून हरून आजारी पडला. विश्रांती घेऊन ते परत आले आणि उरलेले सामने हरत हरत का होईना, पण संघाबरोबर राहिले.

या सगळ्या धामधुमीत त्यांनी १९८७ साली डेट्रॉइटमध्ये एक संस्था सुरू केली होती. इस्पितळातल्या आजारी मुलांना मदत करणारी. ज्यांच्या आईवडिलांना खर्च झेपत नाही अशांसाठी. ती संस्था स्पार्कींच्या मागेही चालू राहिली. वर्ल्ड सीरिजचा कप काचेच्या कपाटात बसतो. पण एखाद्या आजारी मुलाला मिळालेली मदत कपाटात बसत नाही, ते मूल बरं होऊन घरी खेळतं.

आणखी एक प्रसंग ऐका. १९९४ साली मालक आणि खेळाडू यांच्यात पैशांवरून मोठं भांडण झालं. खेळाडूंनी संप केला, इतका लांबला की त्या वर्षीची वर्ल्ड सीरिजच झाली नाही. १९९५ च्या सुरुवातीला मालकांनी ठरवलं, की बाहेरून बदली खेळाडू आणायचे आणि सामने चालू करायचे. सगळ्या मॅनेजरना हुकूम गेला. एकट्या स्पार्कींनी सांगितलं, की हा खेळ मी असा खेळवणार नाही. त्यांनी बिनपगारी रजा घेतली आणि घरी जाऊन बसले. वय एकसष्ट. नोकरी जाईल हे माहीत होतं. एप्रिलमध्ये संप मिटला, खरे खेळाडू परत आले, स्पार्कीही आले. पण मोसम संपताच, ऑक्टोबर १९९५ मध्ये, ते टायगर्समधून बाहेर पडले. त्यानंतर ते कुठल्याच संघाचे मॅनेजर झाले नाहीत. तोवर त्यांच्या नावावर २१९४ विजय जमा होते. त्या दिवशी त्यांच्यापेक्षा जास्त विजय मिळवलेले मॅनेजर बेसबॉलच्या सगळ्या इतिहासात फक्त दोनच होते.

२००० साली त्यांचं नाव बेसबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या दालनात लागलं. तिथल्या भाषणात ते जे बोलले ते मला फार आवडतं. ते म्हणाले, की चांगला मॅनेजर तोच, ज्याला चांगले खेळाडू मिळतात आणि जो त्यांच्या वाटेत येत नाही. सगळं श्रेय त्यांनी खेळाडूंना देऊन टाकलं. आणि मग वडिलांची एक आठवण सांगितली. जॉर्ज अकरा वर्षांचा असताना वडील त्याला म्हणाले होते, की मी तुला अशी एक देणगी देतो, जिला आयुष्यात कधी पैसा पडणार नाही. ती म्हणजे, भेटेल त्या माणसाशी चांगलं वागायचं. समोरचा कोणी का असेना, तो कोणीतरी आहे असं समजून वागायचं.

बस, एवढंच. ना घर, ना जमीन, ना पैसा. वडिलांनी मुलाला दिलेली ही इस्टेट!

आता तो शेवट, ज्याबद्दल मी आधी बोलले होते. म्हातारपणी स्पार्कींना स्मृतिभ्रंश झाला. स्मृतिभ्रंश म्हणजे हळूहळू आठवणी पुसल्या जाण्याचा आजार. तुमच्यापैकी कोणाचे आजी-आजोबा एकच प्रश्न चारचारदा विचारत असतील, घरच्यांची नावं विसरत असतील. त्यांना हसू नका हं, चिडूही नका. तो आजार आहे. २०१० सालच्या नोव्हेंबरमध्ये घरच्यांनी स्पार्कींच्या आजाराची बातमी जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी, ४ नोव्हेंबरला, कॅलिफोर्नियात थाउजंड ओक्स या गावी ते वारले. वय ७६.

मोठ्या माणसाचं निधन झालं की केवढी सभा भरते, केवढी भाषणं होतात! स्पार्कींनी आधीच सांगून ठेवलं होतं, की माझ्यामागे अंत्यविधीचा सोहळा नको आणि शोकसभाही नको. त्याप्रमाणे काहीच झालं नाही. मग त्यांच्या चाहत्यांनी काय केलं असेल?

त्यांनी आठवणी सांगितल्या. एकमेकांना, मुलाबाळांना, वर्तमानपत्रांना, रेडिओला. सिनसिनाटी आणि डेट्रॉइट, दोन्ही शहरांना वाटत होतं, की आपलाच माणूस गेला. जरा गणित करा. १९८४ साली जो मुलगा दहा वर्षांचा होता, तो २०१० मध्ये किती वर्षांचा झाला? छत्तीस. आता त्याच्या घरी दहा वर्षांचा मुलगा असेल. जुनं टायगर स्टेडियम तोवर पाडून टाकलेलं होतं. ज्या जागेवर बसून सामना पाहिला ती जागासुद्धा उरली नव्हती. उरल्या होत्या त्या आठवणी. रेषेवरून मारलेली टुणकन उडी. चुकीच्या व्याकरणातल्या लांबलचक गप्पा. गिब्सनला दाखवलेली बोटं. १९९५ साली एकट्याने दिलेला नकार. आणि एवढा मोठा माणूस, पण साध्या माणसाशी थांबून बोलायचा, ही आठवण. त्यांचे खेळाडूही तेव्हा केस पिकलेले बाप्ये झाले होते. तेसुद्धा सांगत होते, की आम्हाला खेळाच्या आधी माणूस म्हणून त्यांनी घडवलं.

एका माणसाच्या डोक्यातून त्याच्या आयुष्याच्या आठवणी पुसल्या जात होत्या, आणि हजारो लोकांनी त्या आपापल्याकडे जपून ठेवल्या होत्या. मला तरी हे वाचताना गलबलून आलं.

पुढच्या वर्षी, २६ जून २०११ ला, डेट्रॉइटच्या संघाने स्पार्कींचा ११ नंबर कायमचा बंद केला. म्हणजे आता टायगर्सचा कुठलाही खेळाडू पाठीवर ११ लावणार नाही. सिनसिनाटीने त्यांचा १० नंबर ते हयात असतानाच, २००५ साली, असा मानाने बाजूला ठेवला होता. एकाच माणसासाठी दोन शहरांनी दोन आकडे राखून ठेवले. आणि तोही न खेळणारा माणूस!

गोष्ट संपली. पण दोस्तांनो, आज मला तुम्हाला माझीही एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगायला थोडी लाज वाटते.

मी नोकरीला लागले तेव्हाची गोष्ट. माझा पहिला खो-खोचा संघ, मुलांचा. दोन महिने पहाटे उठून सराव घेतला. सामन्याच्या दिवशी आमचा एक मुलगा घाईत चुकीच्या दिशेला वळला, फाऊल झाला, आणि आम्ही एका गुणाने हरलो. मला इतका राग आला, की येताना एस.टी.त मी पुढच्या बाकावर बसले आणि दीड तास मागे वळून बघितलंसुद्धा नाही. रागावले नाही, ओरडले नाही, नुसती गप्प बसले. मला वाटलं, आपण किती संयमाने वागलो!

आठ-नऊ वर्षांनी बाजारात एक उंच तरुण भेटला. वाकून नमस्कार केला. तोच तो मुलगा. मी मोठ्या आनंदाने विचारलं, "आठवतो का रे आपला पहाटेचा सराव?" तो हसून म्हणाला, "बाई, सरावाचं एवढं नाही आठवत. पण त्या दिवशी एस.टी.त तुम्ही आमच्याशी बोलला नाहीत, ते आठवतं. मला वाटलं, आता तुम्ही माझ्याशी कधीच बोलणार नाही."

तो सहज बोलून गेला. माझ्या हातातली भाजीची पिशवी मात्र जड झाली. साठ दिवसांच्या मेहनतीपैकी त्याच्याजवळ काय शिल्लक होतं, तर माझी पाठ!

स्पार्कींबद्दल वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा ती एस.टी. आठवली. म्हणून यंदा तालुक्याला अंतिम सामना हरलो, मुली रडायला लागल्या, तेव्हा मी शेवटच्या बाकावर त्यांच्यामध्ये जाऊन बसले. खूप काही बोलले नाही. मलाही वाईट वाटतच होतं, ते लपवलं नाही. डबा उघडला, सगळ्यांनी मिळून शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी खाल्ली. मग एकीने हळूच विचारलं, "बाई, पुढच्या वर्षी सराव जूनपासूनच घ्यायचा का?" मी म्हटलं, "घ्यायचा."

तर चिमुरडे, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ढाल मुलींचीच. खेळल्या त्या, पळाल्या त्या, पडल्या त्या. बाई फोटोत आहेत ते एवढ्यासाठी, की पुढे कधीतरी हा फोटो बघून या मुलींना एस.टी.तला शेवटचा बाक आठवावा. तेवढं जरी झालं, तरी माझा नंबर लागला म्हणायचा!

आता तुमचं काम. या आठवड्यात एका अशा माणसाला शोधा, जो कडेला उभा राहून तुमच्यासाठी राबतो. खेळाचे सर असतील, तबल्याच्या क्लासच्या ताई असतील, शाळेची घंटा देणारे मामा असतील, डबा भरून देणारी आजी असेल. त्यांची तुम्हाला आवडणारी एक आठवण चार ओळींत लिहा आणि त्यांनाच नेऊन द्या. आत्ताच द्या. स्पार्कींच्या चाहत्यांनी ते गेल्यावर जे सांगितलं, ते तुम्ही समोरासमोर सांगू शकता. व्याकरण चुकलं तरी चालेल. या खेपेला लाल शाई नाही!

आणि आई-बाबांनो, तुमच्यासाठीही दोनच ओळी. मूल हरून घरी येतं, गुण कमी घेऊन येतं, तेव्हा दार उघडताना आपला चेहरा कसा असतो, हे एकदा आरशात बघा. गुणपत्रिका ते विसरेल. तो चेहरा विसरेलच असं नाही.

बरं तर, घंटा झाली. पुढच्या आठवड्यात भेटूच!

तुमच्या लाडक्या,
बाई